सर्कलला न वळणारी गाडी

आमच्या छोट्या गाडीचं डिफरन्शियल मी वेल्डिंग करून घेतलं, तेव्हा बायको घरी सहामाहीचे पेपर तपासत बसली होती. संध्याकाळी मी तिला म्हणालो, "गाडीचं थोडं काम करून आणलंय." ती मान वर न करता "बरं" म्हणाली. गाडी तिची होती, हे आधी सांगायला हवं.

आम्ही साताऱ्याहून म्हैसूरला आलो ते माझ्या नोकरीसाठी. मी शिकलो मेकॅनिकल, पण गेली अनेक वर्षं माझं काम म्हणजे पडद्यावरचे तक्ते आणि फोनवरच्या मीटिंगा. बायकोला हुणसूर रोडवरच्या एका शाळेत गणित शिकवायचं काम मिळालं आणि तिथवर जायला ही गाडी घेतली. ती चाळिशी ओलांडल्यावर गाडी शिकली. तिला घाट, ट्रक, रात्र, कशाचीच तितकी भीती नव्हती. भीती होती सर्कलची. आणि आमचं म्हैसूर म्हणजे सर्कलांचं गाव. दूध आणायला निघालं तरी एकाला वळसा पडतो. ती सुरुवातीला सर्कलच्या तोंडाशी गाडी थांबवून बसायची, मागचे हॉर्न वाजवून थकायचे. मग एकदा तिला जमलं. नंतर तर ती एका हाताने वळवायची आणि दुसऱ्या हाताने मला बोट दाखवत म्हणायची, "बोलू नका मध्ये, माझं सर्कल चाललंय."

त्यानंतर तिचा उजवा खांदा धरला. वर्षभर हात वर जाईना. व्यायाम, शेक, तेल, सगळं करून तो सुटला आणि ती पुन्हा गाडी चालवू लागली. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असूनच मी पुढचं केलं.

ऑफिसातल्या एकाने मला एका रविवारी हुणसूरच्या पुढे नेलं. तंबाखूचं पीक निघून गेलेली रानं, मधून एक कोरडा ओढा, आणि ओढ्याच्या चढावर बांबूच्या काठ्या रोवून केलेली वाट. दहा-बारा जण आपापल्या गाड्या घेऊन आले होते. तिथे वेगाला किंमत नसते. काठीला न लागता, मध्ये न थांबता चढावर कोण किती वर जातो एवढंच बघतात. जिथे चाक फिरायचं आणि गाडी थांबायची तिथेच तुमचं त्या दिवसाचं गुणपत्रक. बहुतेकांकडे जीप होत्या. एकजण मात्र जुनी हॅचबॅक घेऊन आला होता आणि तो अर्ध्यावर पोचला तेव्हा सगळ्यांनी जीपवाल्यांपेक्षा त्याच्यासाठी जास्त टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या माझ्या डोक्यात राहिल्या. पन्नाशी गाठलेल्या माणसाला अशी गोष्ट डोक्यात राहावी याची मला तेव्हाही लाज वाटली होती.

नजरबादला एका मागच्या गल्लीत एक मेकॅनिक आहे. त्याचे पूर्वज जुन्या म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत अर्धं कानडी. माझ्या बोलण्यावर तो हसायचा. "सार, तुमचं मराठी बातम्या दिल्यासारखं. ऐकताना उभं राहावं वाटतं." मी त्याला गाडी उंच करायची आहे म्हटल्यावर तो गाडीभोवती एकदा फिरला, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "अय्यो, हिला? ही भाजी आणायची गाडी, सार. हिला डोंगर चढवणार?"

"चढवायची," मी म्हणालो.

"मग चढवू की. माझं काय जातंय."

उंची वाढवणं सोपं गेलं. पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर अॅल्युमिनियमच्या जाड चकत्या बसवल्या, मागच्या स्प्रिंगा बदलून कडक टाकल्या. हे मी बायकोला सांगितलं होतं आणि ते तिला आवडलंही, कारण शाळेच्या वाटेवरचे हंप गाडीच्या पोटाला घासायचे ते थांबलं. फक्त साडी सावरून चढावं लागतं, एवढीच तिची तक्रार.

पण पहिल्या रविवारी मी चढावर चार हात गेलो आणि थांबलो. डावं चाक हवेत गरगरा फिरत होतं, उजवं मातीत स्वस्थ बसलं होतं. यात नवल काहीच नव्हतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी दातेरी चक्रांची एक डबी गिअरबॉक्समध्ये असते. तेच डिफरन्शियल. रस्त्यावर ती लागतेच. चढावर मात्र जे चाक हवेत आहे त्यालाच ती सगळा जोर देऊन टाकते. ती डबी आतून वेल्ड केली की दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, मग चढ चढता येतो. पण रस्त्यावर गाडी वळायला तयार होत नाही. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत तर स्टिअरिंग हातातून हिसका मारून सरळ होतं.

हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. परीक्षेत आकृती काढून लिहिलेलं होतं.

मेकॅनिकने एवढंच विचारलं, "अक्का पण चालवतात नव्हं ही?" तो माझ्या बायकोला अक्का म्हणायचा.

"थोडे दिवसच," मी म्हणालो. "पुढची स्पर्धा झाली की काढून टाकू."

"मग सुम्ने चार टाके मारतो," तो म्हणाला, आणि गिअरबॉक्स उतरवायला घेतला. सुम्ने म्हणजे उगीच, सहज. टाके मात्र त्याने चांगलेच मारले.

तिला मी का सांगितलं नाही, याचं उत्तर मी बरेच दिवस शोधलं. सांगायला वेळ लागला असता, आकृती काढावी लागली असती, ती पेपरात होती. ही सगळी कारणं मी स्वतःला दिली. खरं कारण असं की तिने नको म्हटलं असतं.

दोन दिवसांनी ती दुपारी घरी आली ती रिक्षाने. गाडी अग्रहाराच्या सर्कलपाशी उभी होती, पुढचं चाक कठड्यावर चढलेलं. कुणाला लागलं नव्हतं. एका रिक्षावाल्याने मात्र तिला भर रस्त्यात कानडीत सुनावलं होतं की अम्मा, घरी बसून सारू-भात करा, हे तुमचं काम नव्हे. तिने ते मला शब्दशः सांगितलं, कारण तेवढं कानडी तिला आता येतं. मग किल्ली फ्रिजवरच्या वाटीत टाकली आणि डाव्या हाताने उजवा खांदा धरून बसली.

"स्टिअरिंग फिरेचना हो. सगळा जोर लावला. हातात काही राहिलंच नाही माझ्या."

मी त्याच क्षणी सांगितलं. हे मी माझ्या बाजूने नोंदवतो, कारण माझ्या बाजूचं फार काही नाही. मी म्हणालो, "तुझा हात नाही, गाडीच वळत नाहीये. मी तिचं डिफरन्शियल लॉक केलंय. माझी चूक आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असलाच तर थोडा कंटाळा होता.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "माझ्या खांद्याची चूकही तुमचीच का आता?"

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगणं भाग आहे. मला प्रत्येक गोष्टीत चुकलंच वाटतं, आणि मी ते बोलून दाखवतो. गॅस संपला, चुकलं माझं. वीज गेली, चुकलं माझं, इन्व्हर्टर आधीच घ्यायला हवा होता. मुलीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही, तर मी तिला म्हैसूरला आणलं म्हणून. बायकोची आई गेली तेव्हा आम्ही इथून निघून साताऱ्याला वेळेत पोचलो नाही, त्याबद्दल मी तिची इतक्यांदा क्षमा मागितली आहे की एकदा ती म्हणाली, "माझी आई गेली होती ना? मग मीच तुमची समजूत का काढतेय?" तेव्हाही मी म्हणालो, "चुकलं."

असा माणूस जेव्हा खरोखर म्हणतो की चूक माझी आहे, तेव्हा ऐकणाऱ्याने काय करावं? तिला वाटलं, मी तिचं मन राखतोय. नेहमीसारखा भार अंगावर घेतोय. मी आकृती काढायला कागद ओढला तर तिने त्यावर हात ठेवला. "मला समजवू नका. मला कळतं माझं शरीर."

आणि मी थांबलो. पेन खाली ठेवलं.

आता सांगतो ते सगळ्यात अवघड. मला त्या क्षणी हलकं वाटलं. मी सांगून मोकळा झालो होतो. तिने मानलं नाही, त्याला मी काय करणार? स्पर्धा दोन आठवड्यांवर होती आणि चाकं चढावर जोडीने फिरणार होती.

त्या स्पर्धेत मी जवळजवळ टोकापर्यंत गेलो. मेकॅनिक शेजारी बसला होता. या खेळात शेजारचा माणूस लागतोच. चाकं सरकायला लागली की त्याने सीटवर उड्या मारून गाडीला दाबायचं. पुढची चाकं ओढणारी गाडी म्हणून मी त्याला पुढे झुकायला सांगितलं होतं. तो डॅशबोर्डला दोन्ही हातांनी मिठी मारून, गाल काचेला लावून उसळत होता आणि ओरडत होता, "चला सार, चला, देवी अम्मनवरु आहे पाठीशी, चला!" वर टाळ्या झाल्या. अगदी तशाच, जशा मला हव्या होत्या. मी उतरलो, पाणी प्यायलो, आणि मला काहीच वाटलं नाही. पाय दुखत होते. वाटलं, आता घरी जाऊन हे कुणाला सांगायचं?

स्पर्धा झाली की काढून टाकू असं म्हटलं होतं. पण गिअरबॉक्स पुन्हा उतरवणं म्हणजे मोठं काम. मेकॅनिककडे गर्दी होती. मग पुढची स्पर्धा आली. मग पाऊस लागला. बायको बसने जाऊ लागली. मी स्कूटरवरून सोडतो म्हटलं की म्हणायची, "नको, बसमध्ये बसायला मिळतं." रात्री ती खांद्याला तेल चोळायची. बाटली माझ्या हातात देऊन पाठीमागचा भाग मला चोळायला सांगायची, आणि मी चोळायचो. बऱ्या असलेल्या खांद्याला मी रोज तेल चोळत होतो. एकदा मी पुन्हा म्हणालो, "अगं, खरंच गाडीमुळे..." ती म्हणाली, "जरा वरच्या बाजूला."

एका शनिवारी मी मेकॅनिकला घेऊन सरावासाठी निघालो. शनिवारी शाळा अर्धा दिवस असते, हे माझ्या लक्षात नव्हतं. हुणसूर रोडला तिच्या शाळेच्या स्टॉपवर ती उभी होती. उन्हात, पिशवी डाव्या खांद्याला, उजवा हात पोटाशी दुमडून धरलेला. कुणाचा धक्का लागू नये म्हणून जसा धरतात तसा.

"अक्का, अक्का उभ्या आहेत!" मेकॅनिक म्हणाला. "थांबवा, सार."

मी कडेला घ्यायला गेलो. गाडी कडेला जाईना. स्टिअरिंग मी दोन्ही हातांनी ओढलं, पुढचं टायर किंचाळलं, आणि आम्ही तिला मागे टाकून बरेच पुढे जाऊन थांबलो. मी आरशात पाहिलं. तिने आम्हाला ओळखलं होतं. मी दार उघडून उतरेपर्यंत बस आली. तिने मला हाताने खूण केली, जा तुम्ही. डाव्या हाताने.

मी गाडीत येऊन बसलो. मेकॅनिक मागे वळून बसकडे बघत होता.

"सार, त्यांनी हात असा का धरला?"

मी त्याला सांगितलं. सर्कल, रिक्षावाला, तेल, सगळं.

"म्हणजे अक्कांना वाटतंय हात खराब? आणि गाडी नीट?" त्याने डोक्याला हात लावला. "अय्यो सार. आणि माझ्या वेल्डिंगचं नाव नाही कुठे! इतकं मजबूत काम केलं, त्याचं श्रेय खांद्याला?"

तो विनोद करत होता, पण मला हसू आलं नाही, आणि त्यालाही आलं नाही. आम्ही सरावाला गेलो तरी. माझ्यासारखी माणसं ठरवलेलं रद्द करत नाहीत. ओढ्याच्या चढावर उजवा अॅक्सल कडाड आवाज करून तुटला. उंच केलेल्या गाडीत अॅक्सल तिरपे राहतात, त्यात चाकं लॉक केलेली. आज ना उद्या ते होणारच होतं. टेम्पोला दोर लावून गाडी नजरबादला आणताना मी मेकॅनिकला म्हणालो, "आता डिफरन्शियलही काढ. जुनं मिळेल तिथून चांगलं आण."

"अॅक्सल टाकतो की सुम्ने. एवढ्यासाठी गिअरबॉक्स फोडायचा? पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे."

"काढ."

"चांगलं वेल्डिंग आहे, सार."

"म्हणूनच काढ."

त्याने भंगारातल्या गिअरबॉक्समधून एक डिफरन्शियल आणलं. ते बसवायच्या आधी मी दोन्ही घरी नेली, एक चांगलं आणि एक आमचं. वर्तमानपत्र पसरून जेवणाच्या टेबलावर ठेवली. बायको पेपर तपासत होती. टेबलाला तेलाचा वास सुटला तशी तिने नाक मुरडलं.

"हे काय आणलंत?"

मी या वेळी माफी मागितली नाही. काहीच समजावलं नाही. चांगली डबी तिच्यापुढे सरकवली आणि म्हणालो, "बाहेरचा भाग धरून ठेव आणि या बाजूचं चक्र फिरव."

तिने फिरवलं. दुसऱ्या बाजूचं चक्र उलट दिशेने तेवढंच फिरलं. तिने पुन्हा फिरवलं, हळू, मग उलट. मला तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं, जे वर्गातल्या मुलांना दिसत असेल.

"एक जितकं कमी होतं तितकं दुसरं वाढतं," ती म्हणाली. "दोघांची बेरीज कायम."

"हो. म्हणून गाडी वळते."

मग तिने दुसरी डबी घेतली. तिच्या आत वेल्डिंगचे काळे, फुगलेले थर होते. तिने चक्र फिरवायला पाहिलं. फिरलं नाही. टेबलाला टेकवून जोर लावला. मग ती उचलून घेतली, छातीशी धरली आणि दोन्ही हातांनी पिळली. ती वजनाला चांगली जड होती. उजव्या हाताने उचलली होती, हे तिच्या आधी माझ्या लक्षात आलं. मग तिच्याही आलं. तिने तो हात तसाच वर, खांद्याच्या वर नेला, डबीसकट, आणि खाली आणला.

"त्या दिवशी गाडीत हे होतं?"

"हो."

"तेव्हापासून हेच आहे?"

"हो."

तिने डबी खाली ठेवली. वर्तमानपत्र फाटलं.

"मी सांगितलं होतं," मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

"तुम्ही सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण शब्द एकेक करून येत होते. "तुम्ही काय सांगत नाही? वीज गेली तरी सांगता. सांगितलं आणि त्याच गाडीने डोंगर चढायला गेलात. मी इकडे म्हातारी झाले समजून बसले. तेल तुम्ही चोळत होता, अहो. तुमच्या हाताने."

मला तेव्हा खूप काही म्हणायचं होतं. तिने ते ओळखलं असावं, कारण हात वर केला. उजवा.

"नाही. आता वाईट वाटून घेऊ नका. तुमचं वाईट वाटणंसुद्धा मलाच सांभाळावं लागतं. मला पेपर आहेत."

ती त्या रात्री माझ्याशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. इतक्या वर्षांत ती माझ्यावर अशी रागावलेली मला आठवत नाही. एरवी मी तिला रागवायला जागाच ठेवत नाही. आधीच मान खाली घालून उभा असतो.

गाडी तयार होऊन आली त्या सकाळी मेकॅनिकने ती स्वतः दारात आणून लावली. चकत्या काढू का, असं त्याने मला विचारलं. उत्तर बायकोने खिडकीतून दिलं. "उंची राहू दे. हंपला घासत नाही."

"अक्का म्हणतात ते बरोबर," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या.

तिने फ्रिजवरच्या वाटीतून किल्ली घेतली. साडी सावरून चढली. मी शेजारचं दार उघडलं तर म्हणाली, "तुम्ही नका." मी दार लावलं. आमच्या फाटकातून कोपऱ्यावरचं छोटं सर्कल दिसतं. गाडी त्याच्या तोंडाशी जाऊन थांबली. बराच वेळ थांबली; मागे एक रिक्षा हॉर्न वाजवू लागली. मेकॅनिक माझ्या शेजारी उभा होता, तो पुटपुटला, "स्वल्प थांब रे, स्वल्प थांब." मग ती निघाली, सर्कलला वळसा घातला, पलीकडे न जाता तशीच फिरत राहिली आणि पुन्हा एक पूर्ण वळसा घेऊन शाळेच्या दिशेने गेली. सुट्टीचा दिवस होता. शाळा नव्हती.

ती परत आली तेव्हा मेकॅनिक गेला होता. तिने गाडी लावली, किल्ली हातातच ठेवून आत आली. घामाने कपाळ ओलं होतं.

"कशी चालली?" मी विचारलं.

"बरी. थोडी डावीकडे ओढते."

चाकांचं अलाइनमेंट करायचं राहिलं होतं. मीच बघायला हवं होतं. 'चुकलं' हा शब्द ओठावर आला आणि तिची नजर माझ्यावरच होती. मी तिच्या हातातून किल्ली घेतली आणि नजरबादला गेलो.